तू नक्की कुणाचा? कबड्डीच्या रात्री विचारला जाणारा एक नालायक प्रश्न

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण वाचायला घेतली तर शेवटपर्यंत वाचा. अर्धी वाचून कमेंट टाकायची आपल्या ग्रुपची जुनी खोड आहे.

या ग्रुपवर आपण भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गीकडच्या जुन्या आठवणी लिहितो. कुणी शाळेतल्या गुरुजींवर लिहितं, कुणी विहिरीवरच्या मोटेवर लिहितं. वाचून बरं वाटतं. पण परवा मुंबई–बेंगळूर सामना झाला आणि इथं एक पोस्ट पडली. लाल जर्सी घातलेल्या एका पोराचा फोटो, आणि वर लिहिलेलं, "मराठी असून बुल्सचा जयजयकार करणाऱ्या असल्या गद्दारांना ग्रुपमधून हाकला." खाली अंगठ्यांचा ढीग. हसणारे चेहरे वेगळेच.

तो पोरगा माझा भाचा आहे.

बहीण आळंदकडं दिली. भाचा तिथंच जन्मला, तिथंच वाढला. घरात मराठी, शाळेत कन्नड, गल्लीत दखनी. आता कलबुर्गीला हॉस्टेलवर राहून शिकतो आणि कॉलेजच्या संघात चढाई करतो. पवन सेहरावतला बघून कबड्डीच्या नादी लागला, म्हणून बुल्सचा झाला. एवढंच त्याचं "गद्दारपण". फोन केला तर म्हणाला, "मामा, मी कबड्डी बघणंच सोडलं. हॉस्टेलवर म्हणतात तू मराठी, मनातून मुंबईचाच असणार, नाटक करतो. आपल्या ग्रुपवर म्हणतात गद्दार. मग कशाला बघू?"

ते ऐकून रात्रभर झोप नाही आली. कारण असलं काम मी स्वतः एकदा केलंय. म्हणून आज लिहितोय.

साल 2015. ऑगस्टची 23 तारीख, रविवार. प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामाची फायनल, यू मुंबा विरुद्ध बेंगळूर बुल्स. मुंबईच्या वरळीला सामना आणि आमच्या मांजराकाठच्या गावात चहाच्या हॉटेलात एकच टीव्ही. बाकडी भरलेली, बाहेर लोक उभे, चारदोन पोरं झाडावर. पाऊस त्या साली नीट पडलाच नव्हता. शेतात बघायला काही नव्हतं, म्हणून सगळं गाव टीव्ही बघायला आलेलं.

माझ्या शेजारी माझा कॉर्नर बसलेला. नाव लिहीत नाही, गावातले ओळखतील. जत्रेतल्या कबड्डीत आम्ही बारा वर्षं एका संघातून खेळलो. तो उजवा कोपरा, मी त्याच्या शेजारी. साखळी धरायची म्हणजे त्याचा हात माझ्या हातात. त्याची घरची भाषा कन्नड, माझी मराठी. पण चढाईवाला आत आला की कुठल्या भाषेत ओरडायचं हे ठरलेलं नव्हतं. तो "हिडी!" म्हणायचा, मी "धर!" म्हणायचो, आणि दोघंही घोट्याला पडायचो. एकदा त्याच्या खांद्याचा सांधा निखळला तेव्हा बैलगाडीतून रस्त्यापर्यंत नेताना मी त्याच्या आईला कन्नडमधून धीर देत होतो आणि ती मला मराठीतून, "बाबा, तू रडू नको" म्हणत होती.

असो. त्या रात्री तो बुल्सचा, मी मुंबईचा. सुरुवातीला लई मजा. मुंबईचा कप्तान अनुप कुमार, बेंगळूरचा मनजीत छिल्लर. अनुप गडी थंड डोक्याचा. तीस सेकंदाची चढाई, पण असा उभा राहायचा की जणू बाजारात भाजी बघतोय, आणि बोनस घेऊन परत. मनजीत आला की आमच्या बाकड्यावरची माणसं आपोआप मागं सरकायची. अंतर कमी-जास्त होत होतं, हॉटेलातले आवाज पण तसेच वर-खाली. शेवटी मुंबई 36, बेंगळूर 30. पहिल्या हंगामात जयपूरकडून फायनल हरलेली मुंबई यंदा जिंकली.

इथंच थांबलो असतो तर आज ही पोस्ट नसती.

मी उठलो आणि माझ्या कॉर्नरच्या तोंडासमोर जाऊन सीमेची घोषणा दिली. कबड्डीची नाही, सीमेची. का दिली, आजपण नीट सांगता येत नाही. जिंकल्याचा माज, बाकी काही नाही. मागून चार जणांनी उचलून धरली. तिकडून उलटी घोषणा आली. मग कुणी तरी आईवर गेलं. मग खुर्ची उडाली. टीव्ही फुटला. हॉटेलवाला दोन्ही हात जोडून मधे उभा, "अण्णा बिडु, दादा सोडा." त्या बिचाऱ्याला दोन्ही भाषा येत होत्या, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेतली आणि ठरवलं, जत्रेतली कबड्डी बंद. भांडणाला कारण नको. ते मैदान अजून बंद आहे. आधी तिथं कडब्याच्या गंजी लागल्या, आता ट्रॅक्टर उभे असतात. माझा कॉर्नर माझ्याशी साडेतीन वर्षं बोलला नाही. बांधाला बांध लागून शेत, आणि बोलणं नाही. ज्यांनी मागून घोषणा उचलली होती त्यातले दोघं आता पुण्याला आहेत आणि परवाच्या पोस्टवर त्यांचे अंगठे आहेत.

आता मुद्द्यावर येतो. "मराठी असाल तर मुंबई, कन्नड असाल तर बेंगळूर" असं म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न: कुठली मुंबई आणि कुठलं बेंगळूर?

2015 च्या त्या फायनलमध्ये मुंबईचा कप्तान अनुप कुमार हरियाणाचा. बेंगळूरचा मनजीत छिल्लर दिल्लीकडचा. म्हणजे दिल्ली-हरियाणाकडची दोन पोरं वरळीत एकमेकांच्या समोर खेळत होती आणि त्यांच्यासाठी मांजराकाठी खुर्च्या उडत होत्या. पुढं मुंबईचा कप्तान झाला फजल अत्राचली. तो तर इराणचा. तोच फजल नंतर पुणेरी पलटणचा कप्तान झाला. मुंबईवाले आणि पुणेवाले एकमेकांना काय काय बोलतात ते आपण बघतोच, पण फजल दोन्हीकडं मन लावून खेळला.

आमच्या सांगलीचा काशिलिंग आडके दिल्लीकडून खेळला, मुंबईकडून खेळला आणि बेंगळूर बुल्सकडून पण खेळला. तो गद्दार का? चंदगडचा सिद्धार्थ देसाई मुंबईकडून गाजला आणि पुढच्याच हंगामात 1 कोटी 45 लाखाला तेलुगु टायटन्सकडं गेला. त्याला कुणी विचारलं का, की तू नक्की कुणाचा? नाही. उलट आपण टाळ्या वाजवल्या. आमच्या हाडामासाच्या भाच्यानं चारपाचशे रुपयांची लाल जर्सी घातली की मात्र तो गद्दार.

आणखी ऐका. 2017 मध्ये बेंगळूर बुल्सचे घरचे सामने झाले नागपूरला. 2018 मध्ये झाले पुण्याला, बालेवाडीत. म्हणजे बेंगळूरचं "घर" सलग दोन वर्षं महाराष्ट्रात होतं. नंतर कोरोनाच्या काळात अख्खा आठवा हंगाम बेंगळूरला झाला, बिनप्रेक्षकांचा. 22 डिसेंबर 2021 ला पहिलाच सामना मुंबई विरुद्ध बेंगळूर. मुंबईनं बेंगळूरला बेंगळूरमध्ये 46–30 नं हरवलं. हॉल रिकामा होता, एक घोषणा झाली नाही, आणि दोन्हीकडचे गडी धडधाकट घरी गेले.

आणि सगळ्यात भारी गोष्ट. 1 मार्च 2024 ला पुणेरी पलटणनं पहिल्यांदा करंडक जिंकला. फायनल हैदराबादला, म्हणजे आपल्या बिदरहून सकाळच्या गाडीनं जाऊन बघता येईल इतक्या जवळ. हरियाणा स्टीलर्सला 28–25 नं हरवलं. कप्तान अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा पोरगा. आणि त्या संघाचा गुरू कोण? बी. सी. रमेश. कर्नाटकचा माणूस, अर्जुन पुरस्कारवाला. बुल्सनी करंडक जिंकला तेव्हा तो त्यांच्याकडं होता, आणि नंतर त्यानंच पुण्याला जिंकून दिलं. आता सांगा, त्या रात्री पुण्याचा जयजयकार करणारा कन्नड माणूस कोण आणि रमेशना शिव्या देणारा मराठी माणूस कोण? वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

मला माहीत आहे, यावर काय उत्तर येणार. "दादा, खेळाडू कुठलेही असू द्या, नाव मुंबईचं आहे ना. आम्हाला इथं मराठी म्हणून ओरडायला दुसरी जागा कुठं आहे?"

हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. यात खरं दुखणं आहे. 1956 साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, कल्याण इकडं राहिले. मामाचं गाव एका राज्यात, काकाचं दुसऱ्यात. माझ्या आज्जीचं माहेर उदगीरकडं. रात्रीतून तिचं माहेर परराज्यात गेलं आणि तिला कुणी विचारलं पण नाही. महाराष्ट्र 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात गेला, तो खटला अजून चालूच आहे. सरकारी कागद वाचता येत नाही म्हणून आमचे म्हातारे अजून दुसऱ्याला हात जोडतात. मराठी शाळेत पोरं किती उरली ते ज्याच्या गावात शाळा आहे त्यानं सांगावं. हे सगळं मला कळतं, कारण मी इथं राहतो.

पण म्हणूनच सांगतो, ही तक्रार कबड्डीच्या मॅटवर मांडू नका. तिथं ती ऐकणारा कुणी नाही. अनुप कुमारनं बोनस घेतला म्हणून भालकीच्या तहसीलमध्ये एक अर्ज मराठीत घेतला गेला का? बुल्स जिंकले म्हणून आळंदच्या कन्नड पोराला नोकरी लागली का? 36–30 नं आम्ही जिंकलो, बरोबर. काय जिंकलो? एक फुटका टीव्ही, एक बंद मैदान आणि साडेतीन वर्षांचा अबोला. शाळेचा प्रश्न असेल तर शाळा समितीच्या बैठकीला या. त्या बैठकीला मी जातो. तिथं घोषणा देणाऱ्यांपैकी एक जण दिसत नाही.

दुसरी गोष्ट, किंमत कोण मोजतं? पुण्यात, ठाण्यात बसून "हाकला गद्दारांना" लिहिणं सोपं आहे. सकाळी उठून तुम्हाला कुणी विचारत नाही. माझा भाचा मात्र सकाळी उठून त्याच हॉस्टेलच्या मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभा राहतो. तुमच्या एका पोस्टचा स्क्रीनशॉट तिथं पोचतो आणि त्याच्या ताटासमोर धरला जातो, "बघ, तुझेच लोक तुला काय म्हणतात." तुम्ही सीमाभागासाठी लढता म्हणता. सीमाभागात राहणाऱ्याच्या अंगावर काय पडतं हे एकदा बघा तर खरं.

आणि हे फक्त आपल्या लोकांना नाही सांगत. "इथलं पाणी पितो, इथंच ओरड" म्हणणाऱ्या पलीकडच्या दोस्तांना पण तेच सांगतो. हा ग्रुप तुमच्यातले पण वाचतात, मला माहीत आहे. आमच्या घरात एखादा यू मुंबाचा झेंडा लागला म्हणून तो कर्नाटकाचा अपमान होत नाही. पोरानं बुल्सची जर्सी घातली तरी तुमचा विश्वास नाही, मुंबईची घातली तरी राग. मग त्यानं घालायचं काय? दोन्हीकडचे एकच प्रश्न विचारता, तू नक्की कुणाचा? प्रश्न विचारणाऱ्याची भाषा बदलते, नालायकपणा बदलत नाही.

आता कुणी म्हणेल, हा शहाणपणा शिकवायला लागला, याला खेळातली ईर्ष्या नको आहे. चूक. मला ईर्ष्या पाहिजे. बुल्स समोर आले की माझं रक्त अजून तापतं. ती चाळीस मिनिटं मला बुल्सचा एक गडी आवडत नाही. पंच आपल्या विरुद्ध गेला की मी त्याच्या सात पिढ्या काढतो, बायको दार लावून घेते. शेवटच्या मिनिटाला "करो या मरो" चढाई असेल तर मी बसू शकत नाही. ईर्ष्या नसेल तर कबड्डी म्हणजे नुसता व्यायाम. पण त्या ईर्ष्येला रेषा आहेत. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. रेषेबाहेर पाय पडला की गडी बाद, मग तो कितीही मोठा असू दे. मी 2015 ला रेषेबाहेर गेलो. कुणी शिट्टी वाजवली नाही, म्हणून आज मीच माझी वाजवतोय.

आता माझा कॉर्नर परत कसा बोलायला लागला ते सांगतो आणि संपवतो.

5 जानेवारी 2019, शनिवार. त्या दिवशी आपली येळवस होती. लातूरकडचे येळवस म्हणतात, आमचे कन्नड शेजारी एळ्ळ अमावस्या म्हणतात. शेत तेच, आंबील तीच, भज्जी-उंडे तेच. शेतात कडब्याची कोप केली, पांडव मांडले. आई कोपीजवळ बसली आणि म्हणाली, "बांधाच्या पलीकडून त्याला बोलाव. शेजारी उपाशी असेल तर माझ्या पांडवांना निवद नाही." मी म्हटलं, तो येणार नाही. आई म्हणाली, "तू बोलावलं का?" साडेतीन वर्षांत मी खरंच एकदा पण बोलावलं नव्हतं.

बांधावर गेलो. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, "ऊट आयतेन?" जेवलास का. तो माझ्याकडं बघत राहिला. मग मराठीत म्हणाला, "तुझ्या आईच्या हातची भज्जी असेल तर नाही जेवलो."

आला. आंबील प्यायला दोन तांबे. संध्याकाळी हरभऱ्याच्या कडेला बसून त्यानं खिशातून मोबाईल काढला. त्या दिवशी सहाव्या हंगामाची फायनल, बेंगळूर बुल्स विरुद्ध गुजरात, आणि तीही मुंबईतच, वरळीला. नेटवर्क येत-जात होतं. भाचा येळवसला आलेला, तोच मोबाईल वर धरून रेंज शोधत होता. गुजरात पुढं होता. मग पवन सेहरावत सुरू झाला. एकट्यानं 22 गुण घेतले त्या पोरानं. बुल्स 38, गुजरात 33. माझा कॉर्नर उभा राहिला आणि जोरात ओरडला. मी पण ओरडलो. बुल्ससाठी नाही, खरं सांगतो, मी अजून मुंबईचाच आहे. मी त्याच्यासाठी ओरडलो. भाचा दोघांच्या मधे नाचत होता. त्या दिवशी तो बुल्सचा झाला. त्याला कुणी विचारलं नाही, तू नक्की कुणाचा.

तोच पोरगा आज म्हणतो, मी बघणं सोडलं.

म्हणून ग्रुपच्या अॅडमिनांना आणि तुम्हा सगळ्यांना माझं म्हणणं साधं आहे. एक, ती पोस्ट काढा. पोराचा फोटो कुणालाही न विचारता लावलाय, तेवढं कारण पुरे आहे. दोन, सामन्याच्या रात्री चिडवा, जिंका, हरा, मिम टाका, पण कुणाच्या जातभाषेचा दाखला मागू नका. मागितला तर त्याला बाहेर करा, तो कुठल्याही बाजूचा असो. तीन, आमच्या गावचं मैदान पुन्हा सुरू करायचंय. मी आणि माझा कॉर्नर वडीलधाऱ्यांना भेटलो. ते म्हणतात, भांडण होणार नाही याची हमी कोण देतो? आम्ही दोघांनी सही करून दिली, त्यानं कन्नडमध्ये, मी मराठीत. अट एकच ठेवलीय. संघ गावाच्या नावानं नाही आणि भाषेच्या नावानं तर नाहीच. चिठ्ठ्या टाकून संघ पाडायचे. कोण कुणाच्या शेजारी साखळीत उभा राहील ते चिठ्ठी ठरवेल.

ट्रॅक्टर हलवायचे आहेत, माती गाळून टाकायची आहे. पुण्याहून ज्यांनी अंगठा दिला त्या दोघांना खास निमंत्रण. या, फावडं देतो. कबड्डीत बाद झालेला गडी संघानं गुण घेतला की परत आत येतो. तुम्ही पण या.

भाच्याला मी सांगितलंय, पहिली चढाई तुझी. येताना लाल जर्सी घालूनच ये. मी भगवी घालून कोपऱ्यात उभा असेन, आणि तुझा घोटा धरल्याशिवाय सोडणार नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, मी उत्तर देईन. फक्त कुणाच्या आईवर जाऊ नका. आमच्याकडं ती दोन्ही भाषांत जेवायला वाढते.